डीजी खातो किती, टाकी हवी केवढी

भोसरीच्या एमआयडीसीत नाहीतर चाकणला कुठल्याही शेडमध्ये जाऊन डिझेल जनरेटरबद्दल विचारा, "तुमचा डीजी ताशी किती खातो?" उत्तर तयार असतं : "असेल पंधरा-वीस लिटर." दहा तास लाइट गेली तर या 'असेल'मध्येच पन्नास लिटर बसतात. टाकीचंही तेच. सेटबरोबर आली ती नाहीतर फॅब्रिकेटरकडे पत्रा शिल्लक होता तेवढी. खरं तर हा हिशोब आपल्याच सेटवर बसवता येतो. त्याला दोन दिवस आणि एक वही पुरते.

माझा सेट १२५ केव्हीएचा, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने १०० किलोवॉटचा. पुढचे आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे वेगळे येणार, ते यावेत म्हणूनच ही खटपट.

लागणारं सामान : पाच लिटरचं खात्रीचं माप, टाकीच्या गेज पाइपवर रेघ मारायला मार्कर, डीजी पॅनलवरचं चालू युनिट मीटर, अवर मीटर. गेज पाइप नसेल तर आधी लावून घ्या. टाकीत काठी बुडवून घेतलेला अंदाज या कामाला चालत नाही.

पहिली चाचणी कामाच्या दिवशी. लाइट जायची वाट बघू नका, मुद्दाम चेंजओव्हर करून रोजचा लोड डीजीवर घ्या. त्याआधी सेट बंद असताना गेजवर रेघ मारा, युनिट मीटर आणि अवर मीटरचे आकडे लिहा. मग सलग तीन तास चालवा. एका तासावर भागवू नका. माझ्या टाकीत गेजवरचा एक मिलिमीटर म्हणजे ०.६ लिटर. बघताना डोळा दोन-तीन मिलिमीटर चुकला की दीड-दोन लिटरची चूक झाली, आणि एका तासाच्या पंधरा लिटरांत ती फार मोठी आहे. तीन तासांनी सेट बंद करा, दहा मिनिटं डिझेल स्थिरावू द्या, आणि मापाने मोजत पुन्हा त्याच रेघेपर्यंत भरा. जितकं भरलं तितकं इंजिनाने खाल्लं.

माझे आले १४४ युनिट आणि ४५ लिटर. म्हणजे ताशी ४८ युनिट, १५ लिटर, लिटरला ३.२ युनिट.

रेघेऐवजी थेट कॅनमधून चालवून मोजायचं असेल तर एक गोष्ट विसरू नका, आणि ती मी विसरलो होतो. इंजिन पंपाने ओढतं ते सगळं डिझेल जाळत नाही, उरलेलं रिटर्न पाइपने टाकीत परत धाडतं. मी सक्शन पाइप वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडला आणि रिटर्न टाकीतच राहू दिला. कॅन डोळ्यांसमोर खाली जाऊ लागला. इंजिनाचे रिंग-पिस्टन गेले असं समजून मी ओव्हरहॉलिंगचा खर्च मनात मांडायलाही लागलो. आमचे मिस्त्री आले, वाकून पाइप बघितला आणि म्हणाले, "शेठ, एका हाताने घेतंय आणि दुसऱ्या हाताने देतंय. तुम्ही घेतलेलंच मोजताय." दोन्ही पाइप एकाच कॅनमध्ये हवेत.

दुसरी चाचणी हलक्या लोडवर. आपल्याकडे गुरुवार सुट्टीचा आणि महावितरणच्या दुरुस्तीचा वार, त्यामुळे ती संधी आपोआप मिळते : ऑफिस, दिवे, मेंटेनन्सवाल्यांपुरता कॉम्प्रेसर. पुन्हा तीन तास, पुन्हा तीच रेघ. माझे आले ४२ युनिट आणि साडेबावीस लिटर. ताशी १४ युनिटला साडेसात लिटर. लिटरला दोन युनिटसुद्धा पडले नाहीत.

विक्रेत्याच्या कागदावरचा 'लिटरला साडेतीन युनिट' खोटा नाही. तो बहुधा पाऊण लोडचा असतो, आणि आपण पाऊण लोडवर क्वचितच चालवतो.

आता दोन चाचण्या एकमेकींतून वजा करा. ताशी ३४ युनिट जास्त काढायला साडेसात लिटर जास्त लागले. ७.५ भागिले ३४, म्हणजे युनिटमागे ०.२२ लिटर. हलक्या चाचणीतल्या १४ युनिटांचे याच दराने ३.१ लिटर होतात, पण गेले साडेसात. उरलेले ४.४ लिटर इंजिन नुसतं फिरत राहण्याचे. तेव्हा माझ्या सेटचं सूत्र : ताशी ४.४ लिटर, अधिक दर युनिटला ०.२२. उद्या लोड ७० युनिटांवर गेला तर १९.८ लिटर. सेट न चालवता वहीतच कळतं.

हे ४.४ लिटर कमी करायला काही जण इंजिनाचे फेरे उतरवतात. तसं करू नका. शिडाच्या बोटीवर ही युक्ती छान चालते. वारा पडला की बोट इंजिनावर चालवतात, आणि पाण्यात लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के उतरवला तर ताकद दहा टक्क्यांनी नव्हे, चक्क पाव हिश्शाने उतरते. आपल्या सेटला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे धरावेच लागतात. फेरे पाडले की फ्रिक्वेन्सी पडते आणि मोटारी तापतात. इथे बचतीचा एकच रस्ता : हलक्या लोडला मोठा सेट लावू नये. तीस टक्क्यांच्या खाली तासन् तास चालवला तर डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरच्या सांध्यातून काळं तेल ओघळू लागतं. शनिवारच्या ओव्हरटाइमला दोनच मशीन चालणार असतील तर छोटा सेट भाड्याने आणलेला परवडतो.

आता टाकीसाठी तास. वहीतून वर्षभरातली लाइट गेल्याची सरासरी काढू नका, सगळ्यांत लांबलेली एक खेप काढा. माझी नऊ तासांची होती. त्यात डिझेल यायचा वेळ मिळवा. पंपवाला "दोन तासांत गाडी पाठवतो" म्हणतो आणि ते तो मनापासून म्हणत असतो. पण ती गाडी चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीतून यायची आहे. मी चार धरतो.

समुद्रावरचे लोक राखीव साठ्याला तिहाई नियम लावतात : एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावायचा. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशा सफरीत भर समुद्रात पंप नसतो, तिथे राखीव साठा हवाच. आपल्याला तिहाई आंधळेपणाने घ्यायची गरज नाही. आपला राखीव साठा म्हणजे गाडी पोचेपर्यंतचे तास, आणि ते मोजता येतात.

तर ९ अधिक ४, तेरा तास. पंधराच्या दराने १९५ लिटर. पुढच्या वर्षी ताशी वीस युनिटांचं एक मशीन यायचं आहे. त्याचे ०.२२ प्रमाणे ताशी ४.४ लिटर, गुणिले १३, म्हणजे ५७ लिटर. एकूण २५२. हे वापरता येणारं डिझेल झालं, टाकीवर रंगवायचा आकडा नव्हे.

टाकीचं माप आतून घ्या, सेंटिमीटरमध्ये. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले हजार, की लिटर. मी १०० बाय ६० बाय ५०ची सांगितली : ३०० लिटर, उंचीच्या दर सेंटिमीटरला सहा लिटर. सक्शन पाइप तळापासून ५ सेंटिमीटर वर, कारण खाली पाणी आणि गाळ बसतो. ते ३० लिटर आपले नाहीत. वर अडीच सेंटिमीटर मोकळे, डिझेल तापून फुगतं त्यासाठी. १५ लिटर गेले. उरले २५५. आधीच्या टाकीत हा हिशोब मी केला नव्हता. गेजमध्ये डिझेल दिसत असताना इंजिनाने एअर घेतली आणि आम्ही अर्धा तास हँड प्रायमर दाबत बसलो.

पत्रा साधा एमएसचा घ्या. जीआयचं जस्त डिझेलशी जमत नाही, फिल्टर चोक होतात. आडवा बॅरल टाकी म्हणून वापरत असाल तर सेंटिमीटरचा सरळ हिशोब लागत नाही : पाव उंचीला पाव नव्हे, जेमतेम वीस टक्के डिझेल असतं.

मोठी टाकी हवी असणाऱ्यांसाठी कायद्याची एक गोष्ट. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, साठवायला परवाना लागत नाही. त्यापुढे नागपूरच्या पेसोचा (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा) परवाना. बाजारात ९९० लिटरची टाकी सर्रास मिळते ती म्हणूनच. कोपऱ्यात उभे केलेले बॅरलही त्या २५०० मध्ये धरायचे.

टाकी बसली की मोकळी असतानाच मापाने भरत गेजशेजारी ऑइलपेंटने खुणा करून घ्या, नुसत्या गणितावर विसंबू नका. तळाचा ड्रेन कॉक महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला, बाटलीत सोडून बघा. पाणी खाली बसलेलं स्पष्ट दिसतं. आणि एक लाल रेघ मारा. नवं मशीन धरून माझा ताशी खर्च १९.४ लिटर, गाडीचे चार तास म्हणजे ७८ लिटर, म्हणजे १३ सेंटिमीटर. त्यात तळाचे पाच. गेज अठरावर आलं की रात्रपाळीचा ऑपरेटर मला न विचारता पंपाला फोन करतो.