एकट्या गायकाचा ध्वनिवर्धक



एक मनुष्य, एक गिटार आणि समोर अंगणांत बसलेली शेंदीडशें मंडळी, एवढाच ज्याचा जमाखर्च आहे त्यानें बरोबर नेण्याजोगा ध्वनिवर्धक घेतांना काय पाहावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. ही वस्तु एकदां घरांत आली म्हणजे पुष्कळ वर्षें तिच्याशीं संसार करावा लागतो, आणि खेड्यांतल्या गायकाची वर्षभराची शिल्लक तिच्यांत जाते. म्हणून दुकानदारानें मोठा आवाज काढून दाखविला कीं लागलेच पैसे मोजावेत, असें करूं नये.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, आपणांस दोन भिन्न स्वभावांचे आवाज वाढवावयाचे आहेत. माइकांतून येणारा विद्युत्प्रवाह फार क्षीण, कांहीं थोड्या मिलिव्होल्टांचा असतो. गिटारीच्या घोडीखालीं जो पीझो पिकप बसवितात, त्याची गोष्ट निराळी. त्याला पुढल्या यंत्राचा अंतर्रोध, ज्याला इंपीडन्स म्हणतात, निदान दहा लाख ओहम तरी लागतो. तो कमी मिळाला तर खर्जाचे स्वर गळून जातात आणि चांगली गिटारही पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. गिटारींतच लहान बॅटरीवर चालणारा प्रीअँप असेल तर ही अडचण बहुधा येत नाहीं. तथापि यंत्राला दोन स्वतंत्र चॅनेल असावेत, आणि प्रत्येकाला आवाजाची व खर्ज-टीप कमीजास्त करण्याची आपापली बटणें असावींत, हें मी अवश्य मानतों. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर त्याला ४८ व्होल्ट पुरविण्याची सोयही पाहावी. शुअर कंपनीचा १९६६ सालीं निघालेला एसएम५८ किंवा तशा जातीचा साधा डायनॅमिक माइक असेल, तर तिची गरज नाहीं.

इलेक्ट्रिक गिटारीसाठीं केलेला अँप्लिफायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊं नये. मीं स्वतः ही चूक केली आहे. त्या यंत्रांत बहुधा एकच मोठा स्पीकर असतो, व साधारण पांच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज त्यांतून फारसा निघत नाहीं. त्यामुळें ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ हीं व्यंजनें बोथट होतात. एका लग्नाच्या मांडवांत मीं त्यावर दोन तास गाइलों. उठतांना शेवटच्या रांगेंतल्या आजीबाई म्हणाल्या, “बाबा, चाल गोड होती, पण भाषा कोणची होती?” तेव्हां मोठ्या स्पीकराबरोबर टिपेच्या स्वरांसाठीं लहान ट्वीटर आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

आतां वॅटांविषयीं. १०० वॅटांचें यंत्र ५० वॅटांच्या दुप्पट मोठ्यानें वाजतें, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. शक्ति दुप्पट केली म्हणजे आवाज अवघा ३ डेसिबल चढतो. कानाला तो सुमारें दुप्पट वाटण्यास १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ति लागते. उलट, उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबल उतरतो. समजा, एक वॅटावर एक मीटर अंतरीं ९६ डेसिबल देणारा स्पीकर आहे. त्यास १० वॅट दिले तर तेथें १०६ डेसिबल होतील. आणि १६ मीटरांवर, चार वेळां अंतर दुणावल्यामुळें २४ वजा जाऊन, ८२ उरतील. जवळ बसून केलेलें साधें बोलणें ६० डेसिबलांच्या आसपास असतें. म्हणजे शांत अंगणास एवढें पुष्कळ झालें. पण तोच स्पीकर ९० डेसिबलांचा असता, तर तितक्याच आवाजास चौपट, म्हणजे ४० वॅट लागले असते. म्हणून नुसते वॅट न विचारतां स्पीकराची संवेदनशीलता विचारावी. चाकांच्या रंगीत दिव्यांच्या पेट्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारों वॅट छापलेले असतात. तो आंकडा मुळींच जमेस धरूं नये. ‘आरएमएस’ काय तो विचारावा. दुकानदार गप्प बसला तर उत्तर मिळालेंच.

वीज नसेल तेथें काय, हा खेड्यांत मोठा प्रश्न. रोलंड कंपनीचा लहान क्यूब स्ट्रीट सहा साध्या ‘एए’ सेलांवर चालतो, वजन सुमारें ५ किलो, परंतु शक्ति ५ वॅटच; ओसरीवर तीसचाळीस माणसांस तो पुरतो, मांडवास नाहीं. फिशमनच्या लाउडबॉक्स मिनींत ६० वॅट, दोन चॅनेल व ट्वीटर आहे. गिटार त्यांत फार गोड वाजते; पण त्याला भिंतींतली वीज लागते, आणि बॅटरीचा ‘चार्ज’ निराळा घ्यावा लागतो. बोस कंपनीनें २०१८ सालीं काढलेला एस१ प्रो सुमारें ७ किलोंचा. त्यांत लिथियम बॅटरी व तीन चॅनेल आहेत, आणि तो जमिनीवर तिरपा टेकवितां येतो किंवा तिकाटण्यावर चढवितां येतो. एकट्यानें एस.टी.नें हिंडणाऱ्यास ह्या शेवटच्या रीतीचें यंत्र मला अधिक सोयीचें वाटतें. मात्र आंतली लिथियम बॅटरी कांहीं वर्षांनीं थकते. ती बदलून मिळेल कीं नाहीं, हें आधींच विचारावें. साधे सेल तरी गांवच्या वाण्याकडेही मिळतात.

यंत्र कितीही चांगलें असलें, तरी मांडणी चुकली तर शिट्टी वाजतेच. स्पीकराचा आवाज माइकांत शिरतो, वाढतो, पुन्हां बाहेर पडतो. ह्या फेऱ्यानें ती उठते. स्पीकर माइकाच्या पुढें, मंडळीकडे तोंड करून व बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावा. माइक ओठांपासून चारपांच बोटांवर धरावा. गिटार घुमूं लागली तर दोष बहुधा तिच्या पोकळ पोटाचा असतो. पुष्कळ गिटारींत तें १०० हर्ट्झच्या आसपास घुमतें. यंत्रास ‘नॉच’ किंवा ‘फेज’ बटण असेल तर तें फिरवून पाहावें. नसेल तर गिटारीच्या भोंकावर रबरी झाकण बसवावें. तें स्वस्त असतें आणि निम्मा त्रास वांचवितें.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास लेखी परवानगी लागते, रात्रीं १० ते सकाळीं ६ तो बंद ठेवावा लागतो, आणि इस्पितळ, शाळा व न्यायालय ह्यांभोंवतींचे १०० मीटर शांततेचे म्हणून जाहीर करतां येतात. परवानगीचा कागद गिटारीच्या पेटींतच असावा.

विकत घेण्यास जातांना आपली गिटार, आपला माइक आणि एक सोबती न्यावा. आपण गावें, व सोबत्यानें दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे उभें राहून शब्द कागदावर उतरून घ्यावेत. जितके शब्द चुकतील तितकें तें यंत्र आपल्या कामाचें नाहीं.