मातीच्या घराची खरेदी : वर्धा जिल्ह्यातील अनुभवाचे बोल

नागपूर आणि वर्धा यांच्यातील अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असल्याने रोज अपडाऊन करणाऱ्या, म्हणजे सकाळी जाऊन सायंकाळी परतणाऱ्या नोकरदारांचा वर्ग या मार्गावर जुना आहे. शहरातील सदनिकांच्या किमती पाहून यांपैकी काही कुटुंबे सेलू, सिंदी, देवळी या भागांतील सागवानी खांबांच्या, कवेलूच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलांच्या, जुन्या घरांकडे वळतात. अशा घरांची खरेदी आणि डागडुजी यांच्या प्रत्यक्ष अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा, की मातीचे घर वयाने पडत नाही. चुकीच्या दुरुस्तीने आणि वार्षिक निगा थांबल्याने पडते.

पहिली पारख कागदपत्रांची. गावठाणातील, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीतील घराला सातबारा नसतो. विक्रेता सामान्यतः ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतो, परंतु तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा असल्याने त्यावरील नाव मालकी सिद्ध करीत नाही. नगरातील घराबाबत आखीव पत्रिका, म्हणजे भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका, पाहावी आणि जागा नझूल, म्हणजे शासकीय मालकीची असून भाडेपट्ट्याने दिलेली आहे काय, हे तपासावे. वडिलोपार्जित घरात हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलींनाही मुलांइतकाच हक्क असल्याने, केवळ गावात राहणाऱ्या भावांच्या सह्यांवर झालेला व्यवहार पुढे न्यायालयात अडकू शकतो. म्हणून सर्व वारसांची लेखी संमती मिळेपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.

दुसरी पारख भिंतीची. मातीची भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि वाऱ्यावर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत सिमेंट लावलेल्या भिंतीवर बोटाने ठोकले असता पोकळ आवाज येतो आणि तो पापुद्रा काढला की आतली माती ओलसर, भुसभुशीत व वाळवीने पोखरलेली दिसते. अशा ठिकाणी सिमेंट काढून माती, भुसा आणि शेण यांचा, अथवा चुन्याचा लेप द्यावा. जिल्ह्यातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पायथ्याशी पाणी साचू न देणे हे भिंत वाचवण्याचे पहिले काम होय. खांबाच्या बुंध्यात खिळा रुतवून पाहिल्यास लाकूड आतून पोकळ झाले आहे काय, तेही कळते.

तिसरी पारख छपराची. कवेलू दर उन्हाळ्यात फेरावी, म्हणजे काढून पुन्हा नीट रचावी लागतात. माकडांच्या उड्यांनी फुटलेले एक कवेलू पावसाळाभर तसेच राहिले, तरी खालचा दांडा कुजतो. कवेलू फेरण्याचा खर्च टाळण्यासाठी टिनाचे पत्रे टाकणारी कुटुंबे विदर्भाच्या उन्हाळ्यात घराचा थंडावाच गमावून बसतात.

निगा राखल्यास काय साध्य होते, याचा पुरावा सेवाग्रामला आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये तेथे राहावयास आल्यावर माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांपासून बांधलेले आदि निवास आणि बापू कुटी आजही उभे आहेत, कारण त्यांची डागडुजी त्याच साहित्याने होत आली आहे. मातीच्या बांधकामाविषयी मार्गदर्शन हवे असल्यास वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांचा अनुभव उपयोगी पडतो.

दिवसभर नागपुरात असणाऱ्या खरेदीदाराने म्हणूनच घराच्या किमतीसोबत दरवर्षीच्या निगेची तरतूद करावी, आणि कवेलू फेरणारा, भिंत लिंपणारा माणूस त्याच पंचक्रोशीत शोधून त्याला घर दाखवावे. असा माणूस मिळाला नाही, तर घर कितीही देखणे असले तरी खरेदीचा विचार सोडून देणे हिताचे आहे, कारण बंद कुलुपामागे मातीचे घर फार काळ टिकत नाही.