अरण्यस्नान आणि मोओलेलो : हवाई बेटांतील वनफेरी

'स्नान' म्हटले की आपल्यासमोर पाणी येते. परंतु जपानी भाषेत 'शिनरिन-योकू' असा एक शब्द आहे; त्याचा अर्थ अरण्यात केलेले स्नान. झाडांच्या सावलीत सावकाश चालावयाचे, मध्येच थांबावयाचे, ओल्या मातीचा व पानांचा वास घ्यावयाचा, पाखरांचे आवाज ऐकावयाचे, एवढेच हे स्नान. जपानच्या वनखात्याने १९८२ साली हा शब्द प्रचारात आणला. शहरी जीवनाने थकलेल्या माणसाला विसावा मिळावा आणि वनांविषयी लोकांत आस्था वाढावी, असा त्यामागे दुहेरी हेतू होता.

या कल्पनेला पुढे शास्त्रीय संशोधनाची जोड मिळाली. झाडे हवेत काही सुगंधी द्रव्ये सोडतात. त्यांना 'फायटनसाईड' म्हणतात. टोकियोतील डॉ. छिंग ली यांनी २००५ साली १२ पुरुषांना तीन दिवस अरण्यात नेले व त्यांच्या रक्ताची तपासणी केली. रोगप्रतिकार करणाऱ्या विशिष्ट पेशींची क्रियाशीलता वाढल्याचे त्यांना आढळले. बारा ही संख्या लहान आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. अरण्यस्नान म्हणजे सर्व रोगांवर औषध, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. तथापि झाडांत हिंडल्याने मनाचा ताण हलका होतो, हे मानण्यास पुरेसा आधार आज उपलब्ध आहे.

हीच पद्धत पुढे अन्य देशांत गेली. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर तिला एक निराळे वळण मिळालेले दिसते. तेथे काही वनफेऱ्यांत वाटाड्या केवळ झाडे दाखवीत नाही. त्या झाडांच्या कथाही सांगतो. साहित्याच्या अभ्यासकाला या प्रयोगात विशेष रस वाटावा, कारण येथे मौखिक परंपरा ग्रंथालयात नव्हे, तर तिच्या मूळ जागी ऐकावयास मिळते.

कथा की इतिहास ?

हवाईयन भाषेत कथेला 'मोओलेलो' म्हणतात. बोलण्याची मालिका, असा त्याचा मूळ अर्थ. इतिहास, आख्यायिका, दंतकथा या सर्वांना हा एकच शब्द चालतो. तोंडातून कानात आणि कानातून पुन्हा तोंडात, अशी ही परंपरा कित्येक पिढ्या टिकली. १८२६ साली या भाषेसाठी रोमन लिपीतील वर्णमाला निश्चित झाली आणि १८३४ साली पहिले हवाईयन वृत्तपत्र निघाले. त्यानंतरच्या वृत्तपत्रांतून कित्येक मोओलेलो क्रमशः छापले गेले.

या कथांत निसर्ग हा नातलग म्हणून येतो. 'कालो' म्हणजे आपले अळूच. कथा अशी की, आकाशपिता वाकेआ याचे एक मूल मृत जन्मले. त्याला जेथे पुरले तेथून अळूचे रोप उगवले. नंतर जन्मलेला दुसरा मुलगा हालोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ ठरला. थोरला भाऊ पोट भरतो आणि धाकट्याने त्याची निगा राखावयाची, असा हा व्यवहार आहे.

ओहिआ आणि लेहुआ

वनफेरीत सहसा सांगितली जाणारी कथा ओहिआ या झाडाची. हे झाड आपल्या जांभळाच्या कुळातले. त्याच्या फुलाला 'लेहुआ' म्हणतात. ज्वालामुखीची देवी पेले ओहिआ नावाच्या तरुणावर भाळली. त्याचे प्रेम लेहुआवर होते, म्हणून त्याने नकार दिला. संतापलेल्या पेलेने त्याचे झाड करून टाकले. इतर देवांना दया आली आणि त्यांनी लेहुआला त्याच झाडाचे फूल केले. म्हणून लेहुआचे फूल तोडले की पाऊस पडतो. तो विरहाच्या अश्रूंचा पाऊस.

नुसती प्रेमकथा म्हणून ही सोडून देता येत नाही. थंड झालेल्या लाव्ह्यावर प्रथम रुजणाऱ्या झाडांत ओहिआ अग्रेसर आहे. ज्वालामुखीच्या देवीशी त्याचे नाते जोडणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, हे उघड आहे.

आज या कथेला आणखी एक संदर्भ आला आहे. हवाईच्या मोठ्या बेटावर एका बुरशीमुळे ओहिआची लाखो झाडे वाळून गेली आहेत. २०१४ साली या रोगाचे कारण उमगले आणि २०१८ साली दोन बुरशींना हवाईयन शब्दांवरून नावे देण्यात आली. त्यांतील 'लुकुओहिआ'चा अर्थ ओहिआचा संहारक. झाडाच्या सालीला जखम झाली की रोग आत शिरतो. बुटांना लागलेल्या मातीतूनही तो पसरतो. म्हणून रानात शिरण्यापूर्वी व बाहेर पडल्यावर बूट घासून त्यांवर अल्कोहोल फवारावे लागते. फांदी मोडू नये, हा वनाधिकाऱ्याचा नियम. फूल तोडू नये, हा कथेचा नियम. कथा रचणाऱ्यांना बुरशी ठाऊक नव्हती, परंतु हात आवरण्याची शिकवण दोन्हींकडे एकच आहे. नियमाची पाटी वाचून जो विसरतो, तो ओहिआ-लेहुआची गोष्ट सहसा विसरत नाही.

कथा कोणी सांगावी ?

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिचे राज्य उलथविले गेले. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. घरोघरची हवाईयन भाषा मागे पडत गेली. १९७८ साली तिला इंग्रजीबरोबर राजभाषेचे स्थान मिळाले आणि १९८४ साली 'पूनाना लेओ', म्हणजे भाषेचे घरटे, या नावाच्या बालशाळा सुरू झाल्या. एवढ्या कष्टाने राखलेली कथा पर्यटकाच्या करमणुकीसाठी कापून-छाटून विकली गेली, तर तो भाषेवरचा दुसरा आघात ठरेल.

हुला नृत्याचे परंपरानिष्ठ साधक पाने-फुले घेण्यासाठी रानात जातात, तेव्हा आधी मंत्र म्हणून परवानगी मागतात आणि लागेल तेवढेच घेतात. पाहुण्याकडूनही अशीच अपेक्षा ठेवणारी वनफेरी खरी म्हणावी. ज्यांची कथा आहे त्यांच्यापैकी कोणी ती सांगावी, मूळ शब्द मूळ भाषेत उच्चारावेत आणि ऐकणाऱ्यावर काही जबाबदारी यावी. ही अट नसेल तर ती केवळ सहल होय.

आपल्याकडे देवराई आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व दाखवून दिले. देवराईतील वाळके लाकूडही उचलू नये, या नियमामागे देवाची एखादी गोष्ट असतेच. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी शिबिरांना जातात, तेव्हा झाडांची नावे टिपली जातात. त्याच वहीत गावातील वृद्धांनी सांगितलेली देवराईची गोष्ट, त्यांच्याच बोलीत, उतरवून घेता येईल. मराठी विभाग आणि वनस्पतिशास्त्र विभाग यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते.