छपराचा पत्रा आणि विमानाचा बोल्ट

पनवेलचा पावसाळा म्हणजे धो धो पाऊस आणि खाडीवरून येणारी खारी हवा. अंगणात पडलेला साधा खिळा आठ दिवसांत तांबडा होतो. पण छपराचा पन्हळी पत्रा वर्षानुवर्षे टिकतो. असे का बरे होते?

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. सुमारे ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवून तो देतात. फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली या रीतीचे पेटंट घेतले.

जस्त हे नुसते पांघरूण नव्हे. जस्ताचे प्रमाण विद्युत्‌विभव उणे ०.७६ व्होल्ट, तर लोखंडाचे उणे ०.४४. पत्र्यावर ओरखडा पडून पाणी साचले की तेथे एक छोटा विद्युत्‌घट तयार होतो. त्यात जस्त झिजते आणि लोखंड वाचते. कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे उलट असते. कथिलाचे विभव उणे ०.१४ असल्याने ओरखड्यापाशी लोखंडच आधी गंजते.

हा थर किती जाड असतो? आपणच काढू. एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त आहे असे धरा. एका बाजूला १३७.५ ग्रॅम. जस्ताची घनता दर घन सेंटिमीटरला ७.१४ ग्रॅम, म्हणजे आकारमान सुमारे १९ घन सेंटिमीटर. ते १०,००० चौरस सेंटिमीटरवर पसरले, की जाडी भरते ०.०१९ मिलिमीटर!

मग लष्करी विमानाच्या बोल्टलाही हाच मुलामा का देत नाहीत? तेथे गरज वेगळी. आट्यांवर जाड थर बसला तर नट फिरणार नाही. शिवाय बोल्टचा स्पर्श ॲल्युमिनियमशी होतो. म्हणून अशा ठिकाणी दीर्घकाळ विद्युत्‌विलेपनाने कॅडमियमचा पातळ थर देत आले. तो समुद्री हवेत टिकतो, नट गुळगुळीत फिरू देतो आणि ॲल्युमिनियमशी त्याच्या विभवाचा फरक थोडा असतो. लष्कराच्या गोदामाचे छप्पर मात्र तुमच्या घरासारखेच जस्ताचे असू शकते! फरक गणवेशाचा नाही, कामाचा आहे.

चौकस विद्यार्थी विचारील, “कोष्टकात कॅडमियमचे विभव उणे ०.४० आहे. मग ते लोखंडाला कसे वाचवते?” प्रश्न रास्त आहे. कोष्टकातील आकडे ठरावीक तीव्रतेच्या द्रावणातले असतात. समुद्राच्या पाण्यात कॅडमियमचे विभव पोलादापेक्षा अधिक ऋण असते. म्हणून तेथे तेच झिजते. कोष्टक वाचताना त्याच्या अटीही वाचाव्यात!

आता एक इशारा. कॅडमियम विषारी आहे. भंगारात मिळालेले जुने लष्करी बोल्ट तापवू, घासू किंवा त्यांवर वेल्डिंग करू नका; त्याची वाफ फुप्फुसात गेल्यास जीवही जाऊ शकतो. रंगावर विसंबू नका, कारण पिवळी वा हिरवट छटा जस्तावरही देतात. या विषारीपणामुळेच आता अनेक ठिकाणी जस्त-निकेलच्या मिश्रधातूचा मुलामा वापरतात.

प्रयोग करायचा तर साधा करा. दुकानातून एक साधा आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला नवा खिळा आणा. दुसऱ्यावर टोकाने एक ओरखडा काढा. दोन्ही मिठाच्या पाण्यात वेगवेगळे ठेवा आणि आठवडाभर रोज निरीक्षण लिहा. ओरखड्यावर तांबडा गंज चढतो का, ते पाहा आणि कारण स्वतःच्या शब्दांत मांडा.