एकच गिटार, अनेक गाणी : पिकअप बदलण्याआधी काय पाहावे?



आजचा विषय पाहून तुम्हाला वाटेल, बाईंनी हे कुठलं नवीन काढलं! पण या विषयात आपल्या पुस्तकातलं चुंबक आहे, ध्वनी आहे, वीज आहे आणि एका आईच्या भिशीचे पैसेही आहेत.

माझा एक माजी विद्यार्थी आता बारावीत आहे. गावातल्या ऑर्केस्ट्रात तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, हळदी, वाढदिवस असे कार्यक्रम असतात. एकाच रात्री आधी भावगीत, मग कोळीगीत आणि शेवटी नाचायला दणदणीत हिंदी गाणं. गिटार मात्र एकच, तीही सेकंडहँड. एके दिवशी त्याला घेऊन त्याची आई शाळेत आली. "बाई, हा म्हणतो गिटारचे तिन्ही पिकअप बदलायचे. मला भिशी लागलीय, ती सगळी त्यात जाईल. तुम्ही विज्ञान शिकवता. सांगा, हे खरंच लागतं की नुसता नाद आहे?"

मी पटकन बोलून गेले, "या वयात नादच असतो हो ताई." तो बाजूलाच उभा होता. काही बोलला नाही, मान खाली घालून निघून गेला. रात्री मला ते टोचत राहिलं. पिकअप म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं, तरी मी निकाल देऊन मोकळी झाले होते. वर्गात आपण मुलांना सांगतो, "माहीत नसेल तर विचारा." दुसऱ्या दिवशी त्याला निरोप पाठवला, "गिटार घेऊन ये, मला शिकव." पुढचे तीन-चार रविवार आम्ही दोघं शिकलो. तेच इथे मांडते.

पिकअप म्हणजे काय?

साध्या गिटारला लाकडी पोकळ पेटी असते, त्यामुळे आवाज मोठा होतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटार भरीव लाकडाच्या असतात. तारांच्या खाली जे लांबट डबीसारखं दिसतं, तो पिकअप. त्यात चुंबक असतं आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. ती अँप्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधलं. सायकलचा डायनॅमो त्यावरच चालतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका होतो, कारण नायलॉनला चुंबक ओळखत नाही.

दोन मुख्य प्रकार

1) सिंगल कॉइल : एकच गुंडाळी. आवाज स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. 1954 साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर असे तीन पिकअप होते. दोष एकच. आजूबाजूच्या वायरिंगमधली, ट्रान्सफॉर्मरमधली गुणगुणही ही गुंडाळी पकडते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून तो "घुंऽऽ" आवाज मागे सतत येतो.

2) हमबकर : 'हम' म्हणजे ही गुणगुण, ती घालवणारा तो हमबकर. यात दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी असतात. त्यांची चुंबकं उलटसुलट आणि जोडणीही उलटसुलट. बाहेरची गुणगुण दोन्हीत विरुद्ध येते आणि एकमेकींना खोडते, तारेचा आवाज मात्र एकमेकांत मिळतो. मुलांना मी असं सांगितलं : +5 आणि −5 मिळून शून्य, पण 5 आणि 5 मिळून दहा. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते 1959 मध्ये मिळालं. याचा आवाज जाडसर, भरलेला आणि जोरकस असतो.

एकाच गिटारवर दोन-तीन पिकअप कशाला?

कपडे वाळत घालायची दोरी आठवा. खिळ्याजवळ ती थोडीच हलते, मधे जास्त झुलते. तारेचंही तसंच. घोडीजवळचा म्हणजे ब्रिजचा पिकअप तीक्ष्ण, टोकदार आवाज देतो. मानेकडचा म्हणजे नेकचा पिकअप गोल आणि मऊ आवाज देतो. स्विचने त्यातला हवा तो निवडायचा. आमच्या विद्यार्थ्याच्या गिटारला ब्रिजकडे हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल. सर्व तऱ्हेची गाणी वाजवणाऱ्यासाठी ही मांडणी मुळातच चांगली आहे.

आधी फुकटचे उपाय

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "तुझी तक्रार नेमकी काय आहे?" तो म्हणाला, "आवाज चांगला येत नाही." हे उत्तर म्हणजे "सर, गणित जमत नाही" म्हणण्यासारखं झालं. कुठलं गणित? कुठल्या पायरीला अडतं? मग वहीत दोन रकाने केले, गाणं आणि तक्रार. आठवडाभराने वही भरली. कोळीगीतात ब्रिजचा पिकअप कर्कश लागतो. भावगीतात नेकचा पिकअप दबलेला वाटतो. हॉलमध्ये गुणगुण येते. जोरदार गाण्यात सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे होतात.

मग एकही पिकअप न घेता एवढं केलं :

• जुन्या गंजलेल्या तारा बदलल्या.
• पिकअपची उंची जुळवली. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तार आणि पिकअप यांच्यामधलं अंतर कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं. सुरुवातीला साधारण 2 मिलिमीटर ठेवायचं आणि मग कानाने ठरवायचं. त्याचा ब्रिजचा पिकअप तारांना जवळजवळ टेकला होता आणि नेकचा फार खोल गेला होता. चुंबक फार जवळ आलं तर तारेला ओढतं आणि सूरही बिघडतो. बाजूचे स्क्रू फिरवले की पिकअप वर-खाली होतो.
• खरखरणारं आवाजाचं बटण साफ केलं, सैल झालेली पिनेची जागा घट्ट केली.
• अँप्लिफायरवरचा तीक्ष्णपणा कमी करून पाहिला.

वहीतल्या निम्म्या तक्रारींवर काट बसली. नेकचा पिकअप चांगलाच होता, बिचारा खड्ड्यात बसला होता! उरली ती ब्रिजची तक्रार. तो हमबकर फार जोरदार होता, त्यामुळे हळू वाजवलं तरी आवाज फाटल्यासारखा यायचा.

निवडताना काय पाहायचं?

• जोर मध्यम हवा. दुकानात त्याला सांगितलं होतं, "जास्त ओहम म्हणजे जास्त भारी." हे अर्धसत्य आहे. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलचा रोध साधारण 6 किलोओहम, मध्यम हमबकरचा 7 ते 9 आणि फार जोरदार हमबकरचा 14-16 किलोओहमपर्यंत असतो. पण तार जास्त बारीक वापरली तरीही रोध वाढतो, आणि चुंबकाचा प्रकार त्या आकड्यात दिसतच नाही. म्हणून हा आकडा फक्त अंदाजापुरता. महत्त्वाचं हे की मध्यम पिकअपला अँप्लिफायरने जोर देता येतो, पण अतिजोरदार पिकअपमधून नाजूक आवाज काढणं कठीण. भाजीत मीठ वरून घालता येतं, काढता येत नाही.

• चुंबक. अॅल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाबरोबरचा मिश्रधातू. अॅल्निको 2 साधारण मऊ वाटतो, अॅल्निको 5 जास्त उठावदार. सिरॅमिक चुंबक बहुधा जोरदार, टोकदार पिकअपमध्ये असतं. सगळीकडे चालणारा हवा असेल तर अॅल्निको 5 ही सुरक्षित निवड आहे.

• चार वायरी. हमबकरमधून चार वायरी आणि वेगळी अर्थिंगची वायर बाहेर येत असेल तर दोन्ही गुंडाळ्या वेगवेगळ्या पद्धतीने जोडता येतात. एकसर जोडणीत भरदार आवाज. एकच गुंडाळी चालू ठेवली तर सिंगल कॉइलसारखा स्वच्छ आवाज, पण गुणगुण परत येते. समांतर जोडणीत आवाज पातळ, स्वच्छ आणि थोडा हळू होतो, गुणगुण मात्र खोडलेलीच राहते. हॉलमध्ये, मंडपात वाजवणाऱ्याने समांतर जोडणीचा विचार जरूर करावा. यासाठी ओढून वर येणारं बटण मिळतं, त्यामुळे गिटारला नवीन भोक पाडावं लागत नाही.

• माप. खाच हमबकरची आहे की सिंगल कॉइलची, ते आधी पाहा. सिंगल कॉइलच्या खाचेत बसणारे अरुंद हमबकरही मिळतात. पिकअपवरचे खिळे तारांच्या खाली येतात का आणि खोली पुरते का, हेही मोजा.

• बटणाचा रोध. हमबकरला सहसा 500 किलोओहमचं आणि सिंगल कॉइलला 250 किलोओहमचं आवाजाचं बटण लावतात. मोठ्या रोधाने आवाज उजळ राहतो, लहान रोधाने थोडा मऊ होतो. कर्कशपणा एवढ्यानेही बदलू शकतो.

• शेजाऱ्यांशी जमतं का? ब्रिजचा पिकअप फारच जोरदार असला तर स्विच बदलल्यावर बाकीचे मेल्यासारखे वाटतात. म्हणून एका वेळी एकच बदला, ऐका आणि मग पुढचं ठरवा.

मग काय केलं?

तीनऐवजी एकच पिकअप घेतला. ब्रिजचा, मध्यम जोराचा, अॅल्निको 5 चा, चार वायरींचा. जुनी जोडणी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढला आणि गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून सोल्डरिंग करून घेतलं. जुना पिकअप डबीत जपून ठेवला.

बदलण्याआधी आणि नंतर त्याने एकच गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. बाकी सगळं तेच ठेवलं होतं, बदलला फक्त पिकअप. शाळेतल्या प्रयोगासारखंच. आईला डोळे मिटून दोन्ही ऐकवलं. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं ते सांगितलं नाही. त्या दुसऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यात गिटार माझ्या अंगावर येतीय. यात गाणं ऐकू येतंय." दुसरं नव्या पिकअपचं होतं. भिशीचे बरेचसे पैसे वाचले. त्यातून त्याने स्वतःहून आईला शिलाई मशीनची मोटर घ्यायला लावली.

"नादच असतो" या शब्दांबद्दल मी दोघांचीही माफी मागितली. तो हसून म्हणाला, "बाई, नादच आहे. पण आता मोजून केलेला आहे."

वर्गासाठी छोटे उपक्रम

1) पोलाद, तांबं, पितळ आणि नायलॉन यांच्या तारा घ्या. कोणती चुंबकाकडे ओढली जाते ते मुलांना नोंदवू द्या आणि गिटारवर कोणती चालेल ते विचारा.
2) बांधलेल्या दोरीला हिसका देऊन टोकाजवळची आणि मधली हालचाल पाहा.
3) एकच ओळ दोन पद्धतींनी रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकवा आणि आवाजासाठी मुलांकडून विशेषणं लिहून घ्या : चिरका, घोगरा, भरदार, पातळ, मऊ. भाषेचा तासही यातच होतो.

पालकांना एकच विनंती. मूल महागडी वस्तू मागतं तेव्हा "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी एक वही द्या आणि आठवडाभर नेमकी अडचण लिहायला सांगा. कधी वस्तूची गरजच उरत नाही, कधी तीनऐवजी एकात भागतं, आणि कधी खरंच ती वस्तू लागते. तेव्हा पैसे देताना आपलंही मन खात नाही.

तुमच्या वर्गात असा एखादा वादक असेल तर त्याला वाद्य घेऊन बोलवा आणि एक तास त्याला शिकवू द्या. अनुभव जरूर कळवा.