मुदत टळली म्हणजे करार मोडला काय?

शाळेची खोली असो, पाझर तलाव असो की गावची नळयोजना असो, कामाच्या करारनाम्यात मुदत ही असतेच. ती टळली की ‘करार रद्द’ असे कंत्राटदारास कळवून मोकळे व्हावे, असा पुष्कळांचा समज असतो. कायद्यास मात्र हा समज सर्वस्वी मान्य नाही.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ मध्ये याबाबत भेद केला आहे. मुदत हे कराराचे मर्म असावे असा उभय पक्षांचा उद्देश असेल, तर ती टळताच उरलेला करार रद्द करण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षास मिळतो. तसा उद्देश नसेल, तर विलंबाने झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते.

हा उद्देश ओळखावा कसा? नाशिक डाव्या कालव्यासाठी आळंदी नदीवर जलसेतू बांधण्याचे काम १९५५ साली बारा महिन्यांच्या मुदतीने देण्यात आले होते. काम अपुरे राहिले आणि ऑगस्ट १९५६ मध्ये करार रद्द करण्यात आला. ‘हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७९ मध्ये त्याचा निकाल लागला. मुदत हे कराराचे मर्म आहे, असे शब्द करारात होते. परंतु विलंबाबद्दल दररोज भरपाई घेण्याची आणि मुदतवाढ देण्याची तरतूदही त्यातच होती. उशीर गृहीत धरून काम पुढे चालू ठेवण्याची सोय ज्या करारात आहे, त्यात मुदत हे मर्म ठरत नाही, असे न्यायालयाने संपूर्ण करार वाचून ठरविले. वाजवी नवी मुदत नोटिशीने न देता करार रद्द करणे गैर ठरले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. करार रद्द करण्यापूर्वी मुदतवाढीचे कलम पाहावे. ते असल्यास वाजवी अंतिम मुदतीची लेखी नोटीस द्यावी. मुदत मर्म असूनही उशिरा झालेले काम स्वीकारावयाचे असेल, तर भरपाई मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवावा. एरवी तो हक्क जातो. करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कलम ७४ नुसार कमाल मर्यादा होय. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते.

घाईने करार मोडल्यास कसूर कंत्राटदाराची आणि भरपाई गावाच्या निधीतून, असा उलटा प्रसंग ओढवतो. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे हेच हिताचे.