वांटणी आणि महत्तम साधारण विभाजक



मंडळीच्या हातून धान्यवस्त्रांची वांटणी होते, तेव्हां अंतःकरणाप्रमाणें हिशेबही शुद्ध असावा लागतो. यरुशलेमांतील पहिल्या मंडळींत रोजच्या वांटणीवरून कुरकुर उठली व त्या कामासाठीं सात माणसें निवडलीं गेलीं, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत आपण वाचतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर व आसपासच्या गांवीं घरें कोसळलीं. अशा प्रसंगीं वांटणाराच्या एका चुकीनें कोणी रिकाम्या हातीं परततो.

उदाहरण. १६८ किलो ज्वारी, १२० किलो तांदूळ व ७२ घोंगड्या जमल्या आहेत असें समजा. किलो न फोडतां व कांहीं शिल्लक न ठेवतां जास्तींत जास्त किती कुटुंबांस सारखा वांटा देतां येईल?

कुटुंबांच्या संख्येनें तिन्ही संख्यांस निःशेष भाग गेला पाहिजे, व ती संख्या सर्वांत मोठी हवी. म्हणून महत्तम साधारण विभाजक, म्हणजे मसावि, काढावा. जुन्या अंकगणितांत यासच दृढभाजक म्हणत.

रीत. मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें. मग बाकीनें त्या भाजकास भागावें. बाकी शून्य होईपर्यंत असेंच करावें. शेवटचा भाजक तोच मसावि. ही रीत यूक्लिडाच्या ग्रंथांत आहे, व भास्कराचार्यांनींही बाराव्या शतकांत लीलावतींतील कुट्टकप्रकरणीं ती सांगितली आहे.

१६८ स १२० नें भागितां बाकी ४८. १२० स ४८ नें, बाकी २४. ४८ स २४ नें, बाकी ०. तिसरी संख्या ७२, तीसही २४ नें निःशेष भाग जातो. म्हणून मसावि २४. कुटुंबें २४; प्रत्येकास ७ किलो ज्वारी, ५ किलो तांदूळ व ३ घोंगड्या.

कुटुंबें १२ च असलीं तर? १२ नें २४ स भाग जातो, म्हणून वांटा दुप्पट होईल. ३० असलीं तर? ३० नें २४ स भाग जात नाहीं. सारखी वांटणी होणार नाहीं. परंतु आणखी १२ किलो ज्वारी व १८ घोंगड्या मिळविल्या, तर प्रत्येकास ६ किलो ज्वारी, ४ किलो तांदूळ व ३ घोंगड्या येतील. ही तूट रांग उभी राहण्यापूर्वीं कळावी, हाच गणिताचा उपकार होय.

खूण. असलेल्या वस्तूंचे सारखे भाग पाडून जास्तींत जास्त किती, असें विचारलें तर मसावि. निरनिराळ्या अवधींनीं घडणाऱ्या गोष्टी पुन्हा एकत्र केव्हां येतील, असें विचारलें तर लसावि.

अभ्यास. ९६ मीटर लांब व ७२ मीटर रुंद आवारासभोंवतीं, चारी कोपऱ्यांवर एकेक येईल अशीं, सारख्या अंतरावर कमींत कमी किती निंबाचीं झाडें लावावीं? (उत्तर: २४ मीटरांवर एक, एकूण १४.)